नाव बदला, मग पैसे देतो!

नावाला एवढे महत्त्व कशाला देता, असा उपदेश आम्हाला पुष्कळांनी केला आहे. उपदेश करणाऱ्यांच्या स्वतःच्या नावाला आजवर कोणी हरकत घेतलेली नसते, हा काही योगायोग नव्हे. शहरात भाड्याची खोली बघायला गेले की घरमालक आधी आडनाव विचारतो, भाड्याचे बोलणे नंतर. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्याची शिक्षा मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्यांना भोगावी लागली. घरे जळाली. पोचीराम कांबळे मारले गेले. पुढे गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. आणि १४ जानेवारी १९९४ रोजी पदरात पडले ते नामांतर नव्हे, नामविस्तार! एका नावासाठी सोळा वर्षे लढलेल्या समाजाला नावाचे मोल कोणी शिकवायची गरज नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातील तीन कृष्णवर्णीय भावांची गोष्ट आज या स्तंभात सांगत आहोत. हे भाऊ पुढारी नव्हते, लेखक नव्हते. ते रॉक संगीत वाजवीत. रॉकचा आणि आंबेडकरी दैनिकाच्या वाचकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आमचे तरुण मुंबईच्या रस्त्यांवर डरकाळी फोडत होते, त्याच सुमारास डेट्रॉईटच्या एका घरातील खोलीत हे तीन भाऊ गिटार, बास आणि ड्रम घेऊन बसले होते.

डेट्रॉईट हे मोटारींचे शहर. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून आलेल्या कृष्णवर्णीयांना तेथे कारखान्यात काम मिळाले, पण घर मिळाले ते ठरावीक भागातच. १९६७ च्या जुलैमध्ये त्या शहरात जो भडका उडाला त्यात ४३ माणसे मेली. याच शहरात १९५९ साली बेरी गॉर्डी नावाच्या कृष्णवर्णीय माणसाने घरच्यांकडून ८०० डॉलरचे कर्ज काढून 'मोटाऊन' ही रेकॉर्ड कंपनी उभी केली आणि साऱ्या अमेरिकेला आपल्या लोकांच्या गाण्यावर नाचायला लावले. ती कंपनी १९७२ साली डेट्रॉईट सोडून लॉस एंजेलिसला गेली. मागे राहिलेल्या पोरांनी काय करायचे, हा प्रश्न कंपनीने स्वतःला विचारला नाही. कंपनी आपल्या माणसाची असली तरी ती कंपनीच असते.

डेव्हिड, डॅनिस आणि बॉबी हॅकनी हे बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे मुलगे. १९६४ साली वडिलांनी त्यांना टीव्हीसमोर बसवून बीटल्सचा कार्यक्रम दाखवला. १९७१ साली भावांनी बँड काढला. नाव होते 'रॉक फायर फंक एक्सप्रेस', आणि वाजवायचे ते फंक, म्हणजे त्या काळी कृष्णवर्णीय पोरांनी वाजवावे अशी अपेक्षा असे तेच. आईने ठरवून दिलेल्या वेळात घरातल्याच खोलीत सराव. शेजाऱ्यांनी काय सोसले असेल ते चाळीत राहणाऱ्यांना सांगायला नको. पुढे डेव्हिडने 'द हू' या इंग्लिश बँडचा कार्यक्रम पाहिला आणि त्याने ठरवले की आपण रॉक वाजवायचे. जोरदार, वेगवान, कानठळ्या बसवणारे.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. रॉक संगीत कोणाचे? सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड ही सारी कृष्णवर्णीय माणसे. पाया त्यांनी घातला. इमारत उभी राहिली आणि पाटी गोऱ्यांची लागली. सत्तरच्या दशकापर्यंत अशी अवस्था आली की कृष्णवर्णीय मुलाने रॉक वाजवले तर त्याच्याच वस्तीतले लोक त्याला म्हणत, हे गोऱ्यांचे गाणे तू कशाला वाजवतोस? तमाशाचे काय झाले ते आठवा. ढोलकी, हलगी, तुणतुणे ज्यांच्या हातात वाढले ते गावकुसाबाहेर राहिले, आणि त्याच तालावरच्या चित्रपटातल्या लावणीला टाळ्या पडल्या त्या शहरातल्या थिएटरात. चोरी झाल्यावर मालकालाच चोर ठरवण्याची ही रीत जगभर एकच दिसते.

तर हे भाऊ वाजवायचे कुठे? मोठी सभागृहे त्यांना कोण देणार! शहराच्या पूर्व भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीत कोणाच्या गॅरेजमध्ये, कोणाच्या घरच्या पार्टीत, कुठे छोट्या कॅबरेत. श्रोते बहुतेक ओळखीचे, आणि त्यांना सवय मोटाऊनच्या गोड चालींची. कव्वालीच्या मुकाबल्याला जमलेल्या लोकांपुढे एकदम ड्रम आणि गिटारचा गडगडाट सुरू झाला तर काय होईल, त्याची कल्पना करावी. प्रतिसाद थंडच असे. आपल्याच माणसांचा थंड प्रतिसाद हा परक्याच्या शिव्यांपेक्षा जड असतो. तरी त्यांनी वाजवणे सोडले नाही.

याच काळात एका दारुड्या चालकामुळे झालेल्या अपघातात त्यांचे वडील गेले. तिघांत मोठ्या डेव्हिडच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला. त्याने बँडचे नाव बदलले. नवे नाव 'डेथ'. म्हणजे मृत्यू! भाऊ दचकले. पण डेव्हिडचे म्हणणे असे, की मृत्यू खरा आहे, तो प्रत्येकाला आहे, मग त्याच्याकडे अभद्र म्हणून का पाहायचे? तो ख्रिस्ती घरातला. पण पुत्रशोकाने वेडी झालेली किसा गौतमी आणि ज्या घरात कोणी मेले नाही तिथली मोहरी आण म्हणून सांगणारे तथागत ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना डेव्हिडचे म्हणणे समजायला अवघड जाऊ नये.

१९७५ साली त्यांना स्टुडिओ मिळाला. डेट्रॉईटचा 'युनायटेड साउंड सिस्टिम्स' हा नावाजलेला स्टुडिओ. जॉन ली हूकर या ब्लूज गायकाने १९४८ साली आपले गाजलेले ध्वनिमुद्रण तिथेच केले होते. बारा गाणी करायचे ठरले, सात झाली. सातही गाण्यांची लांबी मिळून अर्ध्या तासापेक्षा कमी. आज ती ऐकताना आश्चर्य वाटते ते त्यांच्या वेगाचे. 'पंक' म्हणून जे संगीत पुढे न्यूयॉर्क आणि लंडनमधून जगभर गाजले, त्यातल्या 'रामोन्स'चा पहिला अल्बम आला १९७६ च्या एप्रिलमध्ये. त्याच्या आदल्या वर्षी डेट्रॉईटची ही तीन पोरे तोच वेग आणि तीच चीड फितीवर उतरवून बसली होती.

गाणी क्लाईव्ह डेव्हिस या अमेरिकन रेकॉर्ड व्यवसायातल्या बड्या प्रस्थापर्यंत गेली. त्याला ती आवडली. पैसे घालायची तयारी होती. अट एकच: नाव बदला. 'मृत्यू' नावाची रेकॉर्ड दुकानात कोण घेईल? व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर म्हणणे चुकीचे नव्हते, आणि आम्ही ते मान्यही करतो. डेव्हिडने नकार दिला. धाकट्या दोघांच्या मनात चलबिचल होती, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. पण भावाच्या मागे उभे राहायचे, ही वडिलांची शिकवण. उभे राहिले. पैसे थांबले, अल्बम अर्धाच राहिला.

हट्टीपणा म्हणाल? आम्हीही हा प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. नाव बदलले असते तर त्यांची गाणी १९७५ सालीच जगाने ऐकली असती, घरात चार पैसे आले असते. पण नाव बदलणारा तिथेच थांबत नाही. आज नाव, उद्या चाल जरा हळू करा, परवा शब्द सौम्य करा. रेडिओवर 'जयभीम' चालणार नाही, त्याऐवजी दुसरे काही घाला, असे ज्यांना सांगितले गेले ते आमचे गायक हे ओळखतील. शिवाय डेव्हिडने एक शहाणपण दाखवले. निर्मात्यांशी करार संपला तेव्हा मूळ फिती, ज्यांना मास्टर टेप म्हणतात, त्या भावांच्या ताब्यात आल्या. गेले ते पैसे. माल घरी राहिला.

१९७६ साली त्यांनी स्वतःच्या 'ट्रायअँगल' या नावाने एक छोटी रेकॉर्ड काढली. एका बाजूला एक गाणे, दुसऱ्या बाजूला एक. प्रती ५००. राजकारण्यांवरचे त्यातले गाणे आजही शिळे वाटत नाही. रेडिओ केंद्रांवर हातांनी प्रती नेऊन दिल्या, पण सगळीकडे डिस्कोची लाट. कोणी फारसे वाजवले नाही. १९७७ साली भाऊ दूर ईशान्येकडच्या व्हर्माँट राज्यात गेले. तिथे नाव बदलून भक्तिपर रॉक वाजवले, दोन अल्बम काढले. १९८२ साली डेव्हिड एकटाच डेट्रॉईटला परतला. धाकट्या दोघांनी 'लॅम्ब्सब्रेड' नावाचा रेगे बँड काढला, नोकरी-संसार सांभाळून वर्षानुवर्षे छोटे कार्यक्रम केले. मास्टर टेप डेव्हिडने बॉबीच्या स्वाधीन केल्या आणि सांगून ठेवले, की एक दिवस जग या गाण्यांना शोधत येईल, तेव्हा त्या तुझ्याकडे असल्या पाहिजेत. २००० साली डेव्हिड फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला.

जग शोधत आले २००८-०९ साली. जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या शौकिनांमध्ये त्या ५०० प्रतींपैकी एखादी शेकडो डॉलरला विकली जाऊ लागली होती. त्यातला एक डॉलरही भावांच्या घरी आला नाही, कारण जुन्या वस्तूच्या व्यापारात ती बनवणाऱ्याला वाटा नसतो. बॉबीच्या मुलाने ही गाणी दूर कॅलिफोर्नियात ऐकली आणि त्यातला आवाज आपल्या बापाचा आहे हे ओळखले. बापाने पोरांना या बँडबद्दल कधी सांगितलेच नव्हते! माळ्यावरच्या फिती खाली आल्या. शिकागोच्या 'ड्रॅग सिटी' या छोट्या स्वतंत्र कंपनीने २००९ साली ती सात गाणी प्रसिद्ध केली. नाव 'डेथ'च. बँड पुन्हा उभा राहिला, डेव्हिडच्या जागी गिटारला बॉबी डंकन आला. २०१२ साली 'अ बँड कॉल्ड डेथ' हा माहितीपट आला. बॉबीच्या मुलांनी 'रफ फ्रान्सिस' नावाचा बँड काढला. हे नाव डेव्हिडचे, त्याने स्वतःच्या एकट्याच्या गाण्यांसाठी घेतलेले.

ही गोष्ट सांगून झाली की कोणीतरी म्हणतेच, बघा, प्रतिभेला एक ना एक दिवस न्याय मिळतोच. हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. डेव्हिडला मरून नऊ वर्षे झाली होती. त्याला कोणता न्याय मिळाला? आणि फिती कंपनीच्या गोदामात राहिल्या असत्या तर काय झाले असते? प्रतिभा तेवढीच राहिली असती, गाणी मात्र कधीच बाहेर आली नसती. भावांना वाचवले ते फितींच्या मालकीने.

आता आपल्या घरात पाहू. आमची गायन पार्टी आणि हा गॅरेजमधला बँड यांच्यात फरक फक्त वाद्यांचा. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, अलीकडे ऑक्टोपॅड, मागे तीन-चार कोरसवाले, भाड्याची जीप. भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल बाबासाहेब म्हणाले होते, की माझ्या दहा सभा आणि यांचा एक जलसा बरोबरीचा, असे चळवळीत सांगतात. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर फिरून हजारो गाणी लिहिली, चौकात गायली, कोणी मागितले तर वही देऊन टाकली. २००४ साली वामनदादा गेले, त्याच वर्षी प्रल्हाद शिंदे गेले, २०१० साली विठ्ठल उमप. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा भीमगीते गावोगाव पोचली, हे त्या व्यवसायाचे उपकार नाकारता येत नाहीत. पण व्यवहार कसा होता? गायकाला एकरकमी पैसे, एका कागदावर सही, संपले. पुढे ती कॅसेट किती खपली, तिची सीडी निघाली, गाणे मोबाइलची रिंगटोन झाले, आता यूट्यूबवर लाखो वेळा वाजते, त्याचा हिशेब गायकाच्या दारात येत नाही. पुष्कळ कॅसेटवर तर कवीचे नावच नसायचे. गाणे 'पारंपरिक' म्हणून छापले जाई आणि कवी जिवंत, शेजारच्या गल्लीत राहत असे!

कायदा थोडा समजून घ्यावा, कारण तो आमच्या गायकांना कोणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते केले तो. गाणाऱ्याचा गळा, वाजवणाऱ्याचा हात, पण मालकी निर्मात्याची, आणि तीही प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. मात्र २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकाराचा आणि संगीतकाराचा ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा आता करारात लिहूनही काढून घेता येत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा आणि आपल्या नावाचा हक्क मिळाला. ज्याच्या संविधानाने आम्ही माणसात आलो त्याच्यावर गाणी लिहिणाऱ्यांना हे कलम पाठ असायला हवे. आणि आज तर परिस्थिती अशी आहे की संगणक, एक बरा मायक्रोफोन आणि चादरी टांगून शांत केलेली खोली एवढ्यावर चांगले ध्वनिमुद्रण होते. निर्माता स्वतःच व्हायचे. सही करायला लावणारा कोणी उरतच नाही.

नव्या पोरांना हे कळू लागले आहे. मुंबईच्या 'धम्म विंग्ज'ने बुद्ध-आंबेडकरांचा विचार गिटार घेऊन मांडला. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राने आणि संगीतकार तेन्मा यांनी 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा केला. ६ जानेवारी २०१८ रोजी त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. वस्तीतले गाना, रॅप, रॉक आणि पराई एका रंगमंचावर. नावही पाहा: पंडित अयोती दास यांनी आपल्या लोकांना जातविरहित तमिळ म्हणवून घ्यायला सांगितले होते, त्यातून घेतलेले. पण याच बँडमधून पुढे आलेल्या अरिवुचे काय झाले? २०२१ साली त्याने लिहिलेले आणि गायलेले 'एंजॉय एंजामी' जगभर गाजले आणि त्याच वर्षी एका संगीत मासिकाने त्या यशाचे मुखपृष्ठ छापले तेव्हा त्यावर अरिवु नव्हता. रंजित यांनी जाहीरपणे विचारले, तेव्हा चर्चा झाली. डेट्रॉईटच्या पोरांना नाव बदला म्हणाले. आमच्या पोराचे नाव बदलायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत, गाळूनच टाकले.

मनुवाद्यांना दोष देऊन हा लेख इथे संपवता आला असता. पण १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला आहे. भिंतीएवढ्या डीजेला मागेल ती रक्कम, इसार आधी पोचता. गायन पार्टीच्या बिदागीवर मात्र घासाघीस. 'दादा, समाजाचे काम आहे, सांभाळून घ्या.' समाजाचे काम डीजेवाल्याला का सांगत नाही? डीजेवर वाजते तेही बहुधा कोणा शाहिराचेच गाणे, त्याच्या परवानगीशिवाय, त्याला एक रुपया न देता. पार्टीतला ढोलकीवाला एप्रिल आणि मे महिन्यात रोज रात्री वाजवतो, मग १४ ऑक्टोबरपर्यंत हमाली नाहीतर रिक्षा. विलास घोगरेंसारख्या शाहिराने १९९७ साली रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर जीव दिला, तेव्हा आम्ही सर्वांनी अश्रू ढाळले. जिवंत शाहिराच्या घरी त्या वर्षी चूल कशी पेटत होती, हे विचारायला कितीजण गेले होते?

वॉशिंग्टनमध्ये 'फुगाझी' नावाचा गोऱ्या पोरांचा एक बँड होता. १९८७ ते २००२ या काळात त्यांनी हजारावर कार्यक्रम केले. तिकीट शक्यतो ५ डॉलरच्या आसपास, सर्व वयाच्या लोकांना प्रवेश, रेकॉर्ड स्वतःच्याच 'डिसकॉर्ड' या छोट्या कंपनीच्या. तिकीट स्वस्त, पण फुकट नाही, हे लक्षात घ्यावे. आणि आम्हाला त्यांची खरी असूया वाटते ती दुसऱ्या गोष्टीबद्दल. ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस प्रत्येक रात्रीचे ध्वनिमुद्रण करून ठेवी. आठशेहून अधिक कार्यक्रमांच्या फिती जमल्या, आणि २०११ पासून त्यांनी त्या तारीख-वार लावून श्रोत्यांना उपलब्ध करून दिल्या. आमच्या जलशांचे, मुकाबल्यांचे, भीमजयंतीच्या रात्रींचे असे काय आहे? दादरला, दीक्षाभूमीवर, भीमा कोरेगावला पन्नास वर्षे गायलेल्या गळ्यांचे काय उरले?

उरले आहे ते वस्त्यांमधल्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, हाताने नाव लिहिलेल्या कॅसेटमध्ये. कोणी टेपरेकॉर्डर रंगमंचाजवळ ठेवून भरलेल्या, मध्येच कुत्रे भुंकल्याचे आणि वर्गणी जाहीर झाल्याचे आवाज असलेल्या. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते. तशी कॅसेट एकदम मशिनमध्ये घालू नये, फीत तुटते. आधी ओल जाऊ द्यावी, एकदा पुढे-मागे फिरवावी, डेकचे हेड स्वच्छ करावे, मग वायरने संगणकाला जोडून उतरवावी. चालू स्थितीतला चांगला डेक दुरुस्त करणारे कारागीर आता थोडेच उरले आहेत. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठच मिनिटे लागतात, त्यात घाई चालत नाही. उतरवल्यावर वरच्या कागदावरचे कवीचे नाव, गायकाचे नाव, ढोलकीवाल्याचे नाव, गावाचे नाव आणि तारीख जशीच्या तशी लिहून घ्यावी. पुसट झाली असेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावी, ती अजून आहेत तोवर.